बिशपचा ‘सहायक’ नेमका कोण? सफ्रगन, कोॲडज्युटर, व्हिकर जनरल, आर्चडीकन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात हे शब्द तीन ठिकाणी अडवतात: कार्यक्रमाची पत्रिका छापायला टाकताना, बातमी लिहिताना, आणि लग्नाच्या परवानगीच्या कागदावर खाली सही कुणाची आहे ते वाचताना. इंग्रजीत ही पाच-सहा वेगळी पदं आहेत. मराठीत आली की सगळ्यांचं सरसकट ‘सहायक बिशप’ होतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. खाली जिथे नुसतं ‘कलम’ म्हटलं आहे तिथे कॅथलिक चर्चची १९८३ ची कायदासंहिता समजावी.

बिशपच्या मदतनिसाला एकच ठरलेला शब्द का नाही?

कारण मदत एका प्रकारची नसते. कुणी बिशपच्या वतीने दीक्षा देतो, कुणी त्याच्या वतीने सह्या करतो, कुणी गावोगाव फिरून चर्चच्या इमारतींपासून हिशेबापर्यंत पाहणी करतो, आणि कुणाला पुढचा बिशप म्हणूनच आणून ठेवलेलं असतं. शब्द समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात. त्याला स्वतःला बिशपपदाची दीक्षा झाली आहे का? त्याची नेमणूक कुणी केली, रोमने की त्याच्याच बिशपने? आणि बिशपची खुर्ची रिकामी झाली तर त्या दिवशी त्याचं काय होतं?

तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा. खुर्ची रिकामी झाली की कोॲडज्युटर, म्हणजे वारसाहक्क असलेला मदतनीस बिशप, त्याच क्षणी बिशप होतो. ऑक्झिलरी, म्हणजे वारसाहक्क नसलेला मदतनीस बिशप, होता तिथेच राहतो. व्हिकर जनरल म्हणजे बिशपच्या वतीने कारभार पाहणारा; तो साधा धर्मगुरू असेल तर त्याचं पद संपतं. फिरून पाहणी करणाऱ्या इंग्लंडमधल्या आर्चडीकनला मात्र काही फरक पडत नाही, कारण त्याचा अधिकार बिशपच्या मर्जीवर टांगलेला नसून पदालाच जोडलेला असतो.

कोल्हापूरच्या माणसाला पटकन समजेल असं उदाहरण?

संस्थानचं उदाहरण घ्या. कोॲडज्युटर म्हणजे युवराज: गादीचा वारसा ठरलेला. व्हिकर जनरल म्हणजे दिवाण: कारभार त्याच्या हातात, पण शिक्का गादीचा. ऑक्झिलरी हा मानाने बरोबरीचा, पण वारसा नसलेला सरदार.

तुलना इथवरच ताणावी. विशाळगडची प्रतिनिधी किंवा बावड्याची अमात्य ही पदं घराण्यात चालत आली. इथे उलटा नियम आहे: बिशपच्या चौथ्या पायरीपर्यंतच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणालाही व्हिकर जनरल नेमता येत नाही (कलम ४७८). भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ सगळे बाद.

ऑक्झिलरी आणि कोॲडज्युटर यांत फरक काय? दोघेही बिशपच ना?

दोघांनाही बिशपपदाची पूर्ण दीक्षा असते आणि दोघांनाही पोप नेमतो. फरक एकच, वारसाहक्काचा. कोॲडज्युटरला तो असतो, ऑक्झिलरीला नसतो (कलम ४०३). त्यामुळे मूळ बिशपचा राजीनामा मंजूर झाला किंवा त्याचा मृत्यू झाला, तर कोॲडज्युटरसाठी नवीन नेमणुकीचा कागद लागत नाही. पदग्रहण त्याने आधीच केलेलं असतं (कलम ४०९).

अगदी अलीकडचं आणि जवळचं उदाहरण मुंबईचं. जॉन रॉड्रिग्ज २०१३ मध्ये मुंबईचे ऑक्झिलरी झाले. दहा वर्षं ऑक्झिलरी राहूनही मुंबईच्या गादीवर त्यांचा हक्क तयार झाला नाही. २०२३ मध्ये ते पुण्याचे बिशप म्हणून गेले. ३० नोव्हेंबर २०२४ ला त्यांना मुंबईचे कोॲडज्युटर आर्चबिशप नेमलं आणि २५ जानेवारी २०२५ ला कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांचा राजीनामा मंजूर होताच ते आर्चबिशप झाले. एकाच माणसाच्या कारकिर्दीत दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे फरक समजायला याहून चांगला दाखला नाही.

ऑक्झिलरी वर चढतच नाही असं मात्र नाही. व्हॅलेरियन ग्रेशस १९४६ मध्ये मुंबईचे ऑक्झिलरी होते आणि १९५० मध्ये आर्चबिशप झाले. पण ती नवी नेमणूक होती, आपोआप मिळालेला हक्क नव्हे.

‘कोॲडज्युटर’ हा शब्द लॅटिन आहे, अर्थ ‘सोबत राहून मदत करणारा’. लष्करातला ‘ॲडज्युटंट’ याच मुळातून आला.

ऑक्झिलरी बिशपच्या नावापुढे कुठल्यातरी अनोळखी गावाचं नाव का असतं?

प्रत्येक बिशप कुठल्यातरी धर्मप्रांताचा (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचा) असला पाहिजे, हा जुना दंडक. ऑक्झिलरी ज्या धर्मप्रांतात काम करतो तो दुसऱ्याचा असतो, म्हणून त्याला पूर्वी अस्तित्वात असलेल्या आणि आता नामशेष झालेल्या एखाद्या धर्मप्रांताचं नाव देतात. अशी गावं बरीचशी उत्तर आफ्रिकेत किंवा आशिया मायनरमध्ये सापडतात. इंग्रजीत याला ‘टिट्युलर’ म्हणतात. मराठीत ‘नामधारी’ असं भाषांतर अनेकदा दिसतं, ते टाळावं. आपल्याकडे नामधारी म्हणजे काही अधिकार नसलेला बाहुला, आणि ऑक्झिलरी तसा नसतो. नुसतं ‘मुंबईचे ऑक्झिलरी बिशप’ लिहिलं तरी पुरतं.

‘सफ्रगन’ म्हणजे काय? शब्दकोशात एक अर्थ आणि चर्चच्या कागदात दुसरा दिसतो.

दोन्ही बरोबर आहेत, आणि म्हणूनच हा शब्द सगळ्यांत जास्त फसवतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मत किंवा पाठिंबा देणं. पाठिंबा कोणाला, यावर दोन वाटा फुटल्या.

कॅथलिक वापरात सफ्रगन म्हणजे आर्चबिशपच्या प्रांतातला (प्रांत म्हणजे काही धर्मप्रांतांचा गट) दुसरा, स्वतःचा धर्मप्रांत असलेला बिशप. तो कुणाचा मदतनीस नाही. आपल्या धर्मप्रांतात तो पूर्ण मुखत्यार. वरच्या आर्चबिशपला त्याच्या कारभारात हात घालायला फार थोडी जागा असते: श्रद्धा आणि शिस्त नीट पाळली जाते ना यावर लक्ष ठेवणं, काही बिनसलं तर पोपला कळवणं, मुख्यतः एवढंच.

ॲंग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, वापरात सफ्रगन म्हणजे खरोखरच मदतनीस बिशप. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात १५३४ साली यासाठी कायदा झाला आणि ज्यांच्या नावाने सफ्रगन नेमता येतील अशा २६ गावांची यादी त्यात दिली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ही प्रथा बंद पडली आणि १८७० मध्ये नॉटिंगहॅम आणि डोव्हर या नावांनी पुन्हा सुरू झाली. मधली अडीचशेहून अधिक वर्षं कायदा पुस्तकात होता, पण त्याखाली कुणी नेमलं जात नव्हतं. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये (तिथलं ॲंग्लिकन चर्च) सफ्रगन निवडून येतो, वारसाहक्क नसतो. संपूर्ण ॲंग्लिकन परिवारातल्या पहिल्या महिला बिशप बार्बरा हॅरिस १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सफ्रगन म्हणूनच दीक्षित झाल्या. इंग्लंडमधल्या पहिल्या महिला बिशप लिबी लेन, २०१५ मध्ये, त्याही स्टॉकपोर्टच्या सफ्रगन.

तेव्हा भाषांतर करण्याआधी कागद कोणत्या चर्चचा आहे ते पाहा. ॲंग्लिकन असेल तर ‘सहायक बिशप’ चालेल. कॅथलिक असेल तर ‘प्रांतातले बिशप’ म्हणा. तिथे ‘सहायक’ लिहिणं म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला नायब तहसीलदार करण्यासारखं आहे.

मग ‘सिंधुदुर्ग हा गोव्याचा सफ्रगन धर्मप्रांत’ याचा अर्थ सिंधुदुर्गचे बिशप गोव्याच्या हाताखाली?

नाही. अर्थ एवढाच की गोवा-दमण हा आर्चबिशपचा धर्मप्रांत आणि सिंधुदुर्ग त्याच प्रांतात मोडतो. हा प्रश्न कोल्हापूरचाही आहे, कारण २००५ मध्ये पुणे धर्मप्रांताचं विभाजन होऊन सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला तेव्हा कोल्हापूर जिल्हा त्यात गेला. इथल्या कॅथलिक कुटुंबांचे बिशप सावंतवाडीला बसतात.

यातूनच निघणारी एक नेहमीची चूक: ‘कोल्हापूरचे बिशप’ असं बातमीत लिहिलं की ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे, म्हणजे सीएनआयचे बिशप असतात. त्या चर्चचा कोल्हापूर नावाचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. कॅथलिक कार्यक्रमाला आलेल्या बिशपना ‘कोल्हापूरचे बिशप’ लिहिलं तर दोन्हीकडचे लोक दुसऱ्या दिवशी फोन करतात.

व्हिकर जनरल हा बिशप असतो का?

असू शकतो, असलाच पाहिजे असं नाही. बहुतेक धर्मप्रांतांत तो अनुभवी धर्मगुरू असतो. अट अशी: वय किमान ३० पूर्ण, चर्चच्या कायद्याची किंवा धर्मशास्त्राची उच्च पदवी किंवा त्यात खरोखर जाणकारी, आणि कारभाराचा अनुभव. प्रत्येक धर्मप्रांतात एक नेमणं बिशपवर बंधनकारक आहे (कलम ४७५), आणि त्याला नेमायचं किंवा काढायचं बिशपच्या हातात आहे. मात्र ऑक्झिलरी बिशप व्हिकर जनरल असेल तर त्याला असं सहज काढता येत नाही.

‘व्हिकर’ म्हणजे बदली काम करणारा. ‘व्हाइस चान्सलर’मधला ‘व्हाइस’ त्याच्याच भावकीतला.

लिहिताना ‘विकार जनरल’ करू नका. उच्चार जवळचा वाटतो, पण मराठीत तो आजार होतो. ही चूक छापील पत्रिकांत वाटते त्यापेक्षा जास्त दिसते, आणि स्पेलचेक ती पकडत नाही, कारण ‘विकार’ हा अस्सल मराठी शब्द आहे.

त्याचे अधिकार कुठवर?

कारभाराच्या बाबतीत संपूर्ण धर्मप्रांतभर, बिशपइतकेच, बिशपने स्वतःकडे राखून ठेवलेल्या किंवा कायद्याने खास पत्र लागतं अशा गोष्टी सोडून (कलम ४७९). परवानग्या, सूट, धर्मग्रामांचा (एकेका चर्चच्या मंडळीचा) रोजचा कारभार हे सगळं यात आलं. कायदे करणं यात येत नाही. न्यायनिवाड्याला वेगळा अधिकारी असतो, त्याला ज्युडिशियल व्हिकर म्हणतात. एखाद्या विभागापुरता किंवा विषयापुरताच अधिकार असेल तर तो एपिस्कोपल व्हिकर.

दीक्षेचा भाग वेगळा. धर्मगुरूपदाची दीक्षा फक्त बिशप देऊ शकतो. साध्या धर्मगुरू असलेल्या व्हिकर जनरलला ती देता येत नाही, बिशपने सांगितलं तरी. दृढीकरण (बाप्तिस्म्याला पक्कं करणारा संस्कार) मात्र खास अधिकार दिला तर तो देऊ शकतो. म्हणून ‘दृढीकरणाला व्हिकर जनरल आले, बिशप आले नाहीत, संस्कार ग्राह्य आहे ना?’ या प्रश्नाचं उत्तर: अधिकारपत्र असेल तर पूर्ण ग्राह्य.

बिशपनी ‘नाही’ म्हटलं तर व्हिकर जनरलकडून परवानगी घेता येते का?

नाही, आणि हा नियम ठाऊक नसल्याने माणसं अडचणीत येतात. कलम ६५ सांगतं: बिशपने नाकारलेली सवलत व्हिकर जनरलने बिशपच्या संमतीशिवाय दिली तर ती रद्दबातल, अर्जात आधीचा नकार प्रामाणिकपणे लिहिला असला तरीही. उलट बाजूने, व्हिकर जनरलने नाकारलेलं बिशपकडे मागता येतं. पण तो नकार अर्जात लिहिलाच पाहिजे. लपवून मिळवलेली परवानगी हातात कागद असूनही फोल ठरते.

सरकारी कचेरीत एका टेबलावर नाही झालं तर दुसऱ्या टेबलावर बघू, ही आपली सवय इथे उपयोगी पडत नाही.

आमच्या मुलीचं लग्न हिंदू मुलाशी आहे. फादर म्हणतात सावंतवाडीहून पत्र यावं लागेल. सही कुणाची असते?

बिशपची किंवा व्हिकर जनरलची; दोन्ही सारख्याच ग्राह्य. कायद्यात ‘स्थानिक अधिकारी’ म्हटलं आहे आणि त्यात व्हिकर जनरल येतो.

पण कागद नक्की कोणता हवा ते नीट समजून घ्या, कारण दोन वेगळे कागद असतात. मुलगा बाप्तिस्मा झालेला पण कॅथलिक नसलेला असेल, म्हणजे समजा कोल्हापुरातल्या सीएनआय मंडळीतला, तर ‘परवानगी’ लागते. ती न घेता लग्न लागलं तर नियमभंग होतो, पण केवळ त्या कारणाने लग्न रद्द ठरत नाही. मुलगा बाप्तिस्मा न झालेला असेल (हिंदू, मुस्लिम, जैन, कुणीही) तर ‘सूट’ लागते, आणि ती नसेल तर चर्चच्या दृष्टीने ते लग्नच होत नाही (कलम १०८६). तेव्हा पत्र आल्यावर ते परवानगी देणारं आहे की सूट देणारं, एवढं वाचून घ्या.

क्रम साधारण असा. दोघं फादरना भेटतात. कॅथलिक बाजूच्या बाप्तिस्म्याचा ताजा दाखला लागतो. सहा महिन्यांच्या आतला मागण्याची पद्धत आहे, कारण जुन्या दाखल्यावर नंतर झालेल्या लग्नाची नोंद नसते. कॅथलिक बाजू लिहून देते की आपण श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक पद्धतीने व्हावं यासाठी जमेल तितकं करू. दुसऱ्या बाजूने असं काही लिहून द्यायचं नसतं. त्याला या वचनाची कल्पना दिली एवढं पुरे. मग दोघांना लग्नाचा अर्थ आणि बंधनं समजावून सांगतात, आणि फादर अर्ज बिशपच्या कचेरीत पाठवतात. उत्तरावर जावक क्रमांक असतो. तो धर्मग्रामाच्या नोंदवहीत उतरवला जातो.

काय चुकतं? पहिलं म्हणजे कार्यालय आधी बुक होतं आणि अर्ज नंतर जातो. दुसरं, दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. बाप्तिस्म्याला ‘मारिया रोझा’ आणि शाळेत ‘रोझी’, असं हमखास असतं. फरक असेल तर अर्जातच दोन्ही नावं लिहावीत. तिसरं, आणि या पानाच्या विषयाचं: अर्ज आत असतानाच बिशपची खुर्ची रिकामी होते आणि सही करणारा व्हिकर जनरल त्या दिवसापासून सही करू शकत नाही.

हे पत्र देशाच्या कायद्याची जागा घेत नाही, तेही लक्षात ठेवा. चर्चमध्ये लागणाऱ्या लग्नाला १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची असेल तर ३० दिवसांची नोटीस वेगळी.

बिशपची खुर्ची रिकामी झाली तर सह्या कोण करतं?

कोॲडज्युटर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर तात्पुरता कारभार ऑक्झिलरीकडे जातो, एकाहून जास्त असतील तर नेमणुकीने जुना असलेल्याकडे. ऑक्झिलरीही नसेल तर सल्लागार धर्मगुरूंच्या मंडळाकडे. या मंडळात ६ ते १२ जण असतात. खुर्ची रिकामी झाल्याचं कळल्यापासून आठ दिवसांत या मंडळाला एक प्रशासक निवडावा लागतो. तो किमान ३५ वर्षांचा धर्मगुरू असावा लागतो. नवा बिशप येईपर्यंत त्याने काही नवं सुरू करायचं नाही, चालू काम चालवायचं.

व्हिकर जनरलचं पद संपतं, पण दोन बारकावे आहेत. बिशपच्या मृत्यूची खात्रीची बातमी मिळेपर्यंत त्याने केलेल्या सह्या ग्राह्य धरल्या जातात. आणि तो स्वतः ऑक्झिलरी बिशप असेल तर त्याचे अधिकार टिकतात. फक्त ते आता प्रशासकाच्या हाताखाली वापरायचे.

बदलीच्या वेळी आणखी गंमत. बिशपची दुसरीकडे बदली जाहीर झाली आणि तो अजून इथेच असला, तरी त्याचा दर्जा त्या दिवसापासून प्रशासकाचा होतो आणि व्हिकर जनरलचा अधिकार तेव्हाच थांबतो (कलम ४१८). बिशप समोर बसलेत, व्हिकर जनरलही समोर बसलेत, तरीही व्हिकर जनरलची सही चालत नाही. अशा आठवड्यात अर्ज असेल तर पत्रावरची तारीख जरूर पाहावी.

बिशपला वाटलं तर तो स्वतः ऑक्झिलरी नेमू शकतो का?

नाही. मागू शकतो. किमान तीन योग्य धर्मगुरूंची नावं रोमला पाठवायची (कलम ३७७), नेमणूक पोप करतो. उमेदवार ३५ वर्षांचा आणि किमान पाच वर्षं धर्मगुरू असावा. दीक्षेला मुख्य बिशपसोबत आणखी निदान दोन बिशप लागतात. बिशप ७५ चा झाला की राजीनामा सादर करतो, म्हणून त्या सुमारास कोॲडज्युटरची चर्चा सुरू होते.

आर्चडीकन कोण? हा आर्चबिशपच्या खालचा का?

‘आर्च’ म्हणजे मुख्य, एवढंच दोघांत साम्य. आर्चडीकन मुळात बिशपच्या हाताखालच्या डीकनांचा, म्हणजे सेवकांचा प्रमुख. मराठी बायबलमध्ये फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत ‘अध्यक्ष व सेवक’ अशी जोडी येते: अध्यक्ष म्हणजे ज्याला पुढे बिशप म्हणू लागले तो, सेवक म्हणजे डीकन. मध्ययुगात आर्चडीकनला ‘बिशपचा डोळा’ म्हणत. बिशप प्रत्येक गावी पोचत नाही. आर्चडीकन फिरतो, इमारत गळते का, वह्या लिहिल्यात का, पाळक नीट वागतो का ते बघतो.

नाव डीकनचं असलं तरी ॲंग्लिकन चर्चमध्ये हा पूर्ण दीक्षित, अनुभवी धर्मगुरू असतो. त्याला ‘व्हेनरेबल’ म्हणतात.

मुंबई इलाख्याचा या शब्दाशी जुना संबंध आहे. १८१३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानासाठी कलकत्त्याला एकच बिशप आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई इथे एकेक आर्चडीकन ठरवला. मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स. बिशप कलकत्त्याला, त्यामुळे मुंबईत प्रत्यक्षात बरीच वर्षं कारभार आर्चडीकनचाच. १८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला तो थॉमस कार, आणि तो आधी तिथलाच आर्चडीकन होता.

केरळात तर हा शब्द याहून मोठा. तिथल्या थोमा ख्रिस्ती समाजात बिशप परदेशातून यायचे आणि समाजाचं खरं पुढारपण देशी आर्चडीकनकडे असायचं. १६५३ मध्ये मट्टांचेरीला परदेशी धर्माधिकाऱ्यांची सत्ता झुगारणारी कुनन क्रूस शपथ झाली ती आर्चडीकन थोमा यांच्या पुढारपणाखाली, आणि त्यानंतर समाजाने त्यांनाच बिशप केलं. इथे ‘बिशपचा मदतनीस’ हे भाषांतर शब्दाला धरून आहे, पण वस्तुस्थितीला अजिबात नाही.

डीन आणि डीकन एकच का?

नाही. डीकन म्हणजे सेवक, ग्रीक शब्द. डीन लॅटिनमधून आला, मूळ अर्थ दहांवरचा प्रमुख. सीपीआर रुग्णालयाचे डीन आणि कॅथेड्रलचे डीन हे शब्दाने भाऊ आहेत. डीकनशी दोघांचं नातं नाही.

आणि चॅन्सेलर? तो तर सगळ्यांच्या वर असेल.

शिवाजी विद्यापीठामुळे असं वाटतं: व्हाइस चान्सलर म्हणजे कुलगुरू, त्यांच्या वर चान्सलर म्हणजे कुलपती, राज्यपाल. धर्मप्रांतात उलट आहे. चॅन्सेलरचं मुख्य काम कचेरीचे कागद गोळा करणं, लावणं, जपणं आणि प्रमाणित करणं. पत्रावर दोन सह्या दिसल्या तर आदेश बिशपचा किंवा व्हिकर जनरलचा, आणि चॅन्सेलरची सही ‘हा कागद खरा आहे’ एवढंच सांगते. भाषांतर ‘कुलपती’ करू नये. ‘दफ्तरप्रमुख’ जवळचं आहे.

कोल्हापूरच्या सीएनआय मंडळीत जुन्या लोकांना हे शब्द परके का वाटतात?

कारण इथली मोठी मंडळी बिशप नसलेल्या परंपरेतून आली. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि १८७० पासून ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. त्या परंपरेत कारभार पाळक आणि वडील यांच्या सभेचा. एका माणसाच्या हातात सर्वाधिकार देण्याचीच त्यांना हरकत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं तेव्हा बिशप, प्रेस्बिटर (पाळक), डीकन अशी तीन पदं सगळ्यांनी स्वीकारली. म्हणजे इथल्या बऱ्याच घरांत बिशप हा शब्दच एका पिढीने नव्याने शिकला. त्याच्या मदतनिसांची उतरंड आणखी लांबची. खुर्ची रिकामी असताना ‘मॉडरेटरचे कमिसरी’ असा उल्लेख कागदावर दिसतो. तो मॉडरेटरच्या, म्हणजे सीएनआयच्या प्रमुख बिशपच्या, वतीने कारभार बघणारा, कोॲडज्युटर नव्हे, पुढचा बिशपही नव्हे.

‘सिंजेलस’, ‘प्रोटोसिंजेलस’ हे काय?

पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चमधले, उदाहरणार्थ सिरो-मलबार, एपिस्कोपल व्हिकर आणि व्हिकर जनरल. मूळ ग्रीक अर्थ ‘एकाच खोलीत राहणारा’. मल्याळी कुटुंबाचे कागद कल्याणहून आले तर हे शब्द भेटतात.

समारंभात कोण कोण ते पाहून ओळखता येतं का?

अंगठी, गळ्यातला क्रूस, जांभळी टोपी यावरून बिशप आहे एवढं कळतं. ऑक्झिलरीलाही हे सगळं असतं. खरी खूण कॅथेड्रलमधली बिशपची खुर्ची. तीवर त्या धर्मप्रांताचा बिशप बसतो, ऑक्झिलरी नाही. दुसरी खूण कानाची: मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) मुख्य प्रार्थनेत बिशपचं नाव घेतलंच जातं, कोॲडज्युटर आणि ऑक्झिलरीचं घेता येतं, धर्मगुरू असलेल्या व्हिकर जनरलचं घेतलं जात नाही.

पत्रिकेवर काय छापायचं?

कॅथलिक बिशप, ऑक्झिलरी आणि कोॲडज्युटर तिघांनाही ‘मोस्ट रेव्हरंड’. सीएनआयच्या बिशपना ‘राइट रेव्हरंड’. आर्चडीकनना ‘व्हेनरेबल’. व्हिकर जनरलना ‘व्हेरी रेव्हरंड फादर’, आणि नावानंतर ‘व्हिकर जनरल, सिंधुदुर्ग धर्मप्रांत’ असं पूर्ण पद; नुसतं ‘व्ही. जी.’ छापलं तर बाहेरच्या पाहुण्याला ती आडनावाची अक्षरं वाटतात. मंचावरून बोलताना ‘बिशपसाहेब’, ‘फादर’, ‘पाळकसाहेब’ पुरेसं आहे.

मराठी शब्दच हवे असतील तर: ऑक्झिलरीला ‘सहायक बिशप’, कोॲडज्युटरला ‘वारसाहक्काचे सहबिशप’ (लांब आहे, पण ‘सहबिशप’ एकट्याने वारसा कळत नाही), व्हिकर जनरलला ‘बिशपांचे मुख्य प्रतिनिधी’. ‘उपबिशप’ नको, उपसरपंच, उपमहापौर यांच्यासारखं निवडून आलेलं दुय्यम पद वाटतं, आणि व्हिकर जनरलसाठी वापरलं तर धर्मगुरूला फुकटची बिशपपदाची दीक्षा मिळते. क्रम लावताना कोॲडज्युटर आधी, मग ऑक्झिलरी, मग व्हिकर जनरल. मजकूर छपाईला जाण्यापूर्वी पदाचा उल्लेख बिशपच्या कचेरीतून एकदा तपासून घ्यावा, तोही त्याच आठवड्यात, कारण नेमणुका रोमच्या दुपारी जाहीर होतात आणि आपल्याकडे तोवर साडेतीन-साडेचार वाजलेले असतात.